तिसऱ्या पानावरची वाळू

अ‍ॅड. बशीर उस्मान सोलकर यांची आणि माझी पहिली भेट परीक्षक आणि नापास विद्यार्थी अशा नात्याने झाली. परीक्षक ते होते. मी चौतीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले, निबंधांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. पण माझा स्वतःचा निबंध कुणी तपासून माझ्यापुढे ठेवला, असे आयुष्यात तेव्हाच घडले. वकीलसाहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वकिलीविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितीलच. मी त्यांचा पक्षकारसुद्धा नाही, पक्षकाराचा नवरा आहे. तेव्हा मला कोर्टाच्या बाकावर बसून जे दिसले तेवढेच सांगतो.

माझी पत्नी सुमती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचे नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याही घरात तिचे अक्षर असेल. बक्षिसांची प्रमाणपत्रे, निवृत्तांची मानपत्रे, लग्नपत्रिकांवरची नावे, सगळे लोक तिच्याकडे घेऊन यायचे. ती कट निबचा टाक शाईत बुडवायची आणि श्वास धरून एकेक नाव उतरवायची. मी बाजूला बसून कविता म्हणायचो. वर्गात आम्ही कविता चालीवर म्हणत असू, ती सवय माझी सुटली नाही. सुमती म्हणायची, "हळू म्हणा, वेलांटी हलते माझी."

निवृत्तीनंतर आम्ही दोघे रोज संध्याकाळी भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जायचो. तिथे सुरूच्या झाडांखाली शेवंती नावाच्या बाई शहाळी विकायला बसतात, त्यांच्या बाकड्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. अशाच एका संध्याकाळी बर्फ घेऊन निघालेला एक टेम्पो वळणावर रस्ता सोडून खाली घसरला. माझे खरचटण्यावर निभावले. सुमतीचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत चेंगरला.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. जबाब घ्यायला इस्पितळात जे हवालदार आले, ते माझेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "सर, तुमच्यापुढे मी काय मराठी लिहिणार? नंतर लाल शाईने चुका काढाल. तुम्हीच लिहा, मी शिक्का मारतो."

मी लिहिले. चार पाने लिहिली. सुमतीवर शस्त्रक्रिया चालू होती, माझ्या शर्टाला तिच्या रक्ताचे डाग होते, आणि हातात पेन आल्यावर मला दुसरे काही सुचेना. पहिल्या पानावर मावळतीचे रंग आले. दुसऱ्यावर होड्या, गलबते, मिरकरवाड्याच्या बंदराकडे परतणारे पक्षी आले. तिसऱ्यावर वाळू आली. चौथ्या पानावर मी मनातले सगळे ओतले: त्या शोभेने आमचे भान हरपले होते, मीच सुमतीला हाक मारून थांबवले, या दुर्दैवाला कारण मी. खाली सही केली. हवालदारांनी वाचले आणि म्हणाले, "सर, डोळ्यात पाणी आलं." मला तेव्हा तेवढेच पुरे वाटले.

पुढे तीन आठवड्यांनी एका शेजाऱ्यांनी आम्हाला सोलकर वकिलांकडे पाठवले. कोर्टाच्या मागल्या बाजूला जांभ्याच्या अकरा पायऱ्या चढून गेले की त्यांचे कार्यालय. वकीलसाहेबांनी माझा जबाब वाचायला घेतला. मला वाटले चाळतील. त्यांनी चारही पाने वाचली, मग चष्मा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. सुमती हात गळ्यात बांधून बसली होती. मी पंख्याकडे बघत होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "हा निबंध दहावीच्या पेपरात आला असता तर किती मार्क दिले असते?"

"भाषेला दहापैकी नऊ," मी खरे ते सांगितले.

"मी शून्य देतो. तुमचं हे शेवटचं पान वाचून विमा कंपनीचा वकील पेढे वाटील. आरोपी टेम्पोवाला, आणि कबुलीजबाब तुमचा!"

सुमती हसली. अपघातानंतर प्रथमच. मग त्यांनी आम्हाला सगळे साध्या शब्दांत समजावून सांगितले: मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा, तो टेम्पोच्या मालकावर आणि विमा कंपनीवर होतो, बाई निष्काळजीपणे रस्त्यात उभ्या होत्या असे त्यांनी सिद्ध केले तर भरपाईतला तेवढा वाटा कापला जाईल, अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने. ही माहिती देताना त्यांनी एकही आश्वासन दिले नाही. जाताना मी विचारले, "साहेब, आपण जिंकू ना?" ते म्हणाले, "मला अजून जागा बघायची आहे. बघितल्याशिवाय मी हवामानाचा अंदाजपण सांगत नाय."

त्याच दिवशीचा एक प्रसंग माझ्या मनात कायमचा राहिला आहे. वकीलपत्रावर सुमतीची सही हवी होती. उजव्या हाताला प्लास्टर, बोटांत सळया. कारकून नार्वेकर हे कामात वाघ. त्यांनी लगेच शाईचे पॅड उघडून पुढे केले. डाव्या अंगठ्याचा ठसा कायद्याला चालतो, त्यात काही गैर नव्हते. पण सुमतीने पॅडकडे पाहिले आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना. गावच्या बायकांना सही शिकवण्यासाठी तिने कितीतरी संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर घालवल्या होत्या. अंगठा पुसून टाकायचा, हे तिचे त्या वर्गातले आवडते वाक्य. आता तिच्याच पुढे पॅड आले होते.

वकीलसाहेब कागद वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "नार्वेकर, ते पॅड आत ठेवा. बाईंचा अंगठा मला नको."

"साहेब, सहीशिवाय अर्ज..."

"मुदत सहा महिने आहे. त्यातला एक जेमतेम संपत आला. बाई, डाव्या हाताने सही बसवा. घाई नको. बसली की निरोप धाडा, मी घरी येतो."

बाहेर पडल्यावर सुमती पायऱ्यांवर थांबली. "दुरेघी वही घ्या," ती म्हणाली. "आणि पेन्सिल. पहिलीतल्या पोरांसारखं गिरवावं लागणार मला."

मी वही आणली. वरच्या ओळीत मी अक्षर काढायचे आणि खाली तिने गिरवायचे. माझे अक्षर तिला कधीच पसंत नव्हते. "तुमचा 'सु' बसल्यासारखा दिसतो," म्हणायची, आणि तिचा स्वतःचा 'सु' तर चक्क आडवा व्हायचा. कधी पेन्सिल भिरकावून द्यायची. मी कविता म्हणू लागलो तर म्हणायची, "आज नको." त्या काळात मी जे मनात धरून होतो ते तिला बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र असायचे. मी हाक मारतो, ती येते, टेम्पो येतो. मी हाक मारली नसती तर ती चार पावले पुढे निघून गेली असती. दावा जिंकणे-हरणे याहून मला तेच मोठे होते.

चौथ्या महिन्यात सही बसली. निरोप गेला त्याच दिवशी वकीलसाहेब कागद घेऊन घरी आले. सुमतीने सही केली. तिची जुनी सही ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ओळखू आली नसती. पण ते तिचे नाव होते, आणि तिने लिहिलेले होते. वकीलसाहेबांनी सही वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, बॉलपेनची शाई असूनही.

मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. त्यांची एक पद्धत आहे, ती नव्या वकिलांनी लक्षात ठेवावी म्हणून मुद्दाम लिहितो. अपघाताच्या जागी ते स्वतः जातात, आणि अपघात ज्या वेळी झाला त्याच वेळी जातात. भाट्याला ते सलग तीन संध्याकाळी गेले. पहिल्या दिवशी नुसते शहाळे प्यायले. दुसऱ्या दिवशी दोन प्यायले आणि गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी मला बरोबर नेले, आणि खिशातून मोजपट्टी काढली.

शेवंतीबाईंनी मला पाहिले आणि सुरू झाल्या, "मास्तरांनू, तुमी पोलिसात काय लिवलांत? म्हणे रस्त्यात उभे होतात! अवो, माझ्या बाकड्याला हात लावून उभे होतात तुमी. मी बाकडं रस्त्यात टाकतंय काय? मला येड लागलाय? बर्फाच्या लाद्या माझ्या शहाळ्यांवर येऊन पडल्या. ह्यो बघा बाकड्याचा पाय, तेव्हापासून लंगडतोय."

बाकडे खरोखरच लंगडत होते. वकीलसाहेबांनी डांबराच्या कडेपासून बाकड्यापर्यंत अंतर मोजले. सात फूट. मग पोलिसांच्या पंचनाम्याचा नकाशा उघडून मला दाखवला. त्यात एक खूण होती आणि तिच्यापुढे लिहिले होते: स्त्रीची एक चप्पल. डांबरापासून सात फूट.

"मास्तर, तुम्ही चार पानं लिहिलीत त्यात डांबर हा शब्द नाय," ते म्हणाले. "होड्या आहेत, पक्षी आहेत. पाय कशावर होते ते नाय."

"मला आठवत नाही हो," मी म्हणालो. "मी समुद्राकडे बघत होतो."

"पण हात लिहून गेला. तिसरं पान आठवतंय?"

मला आठवेना. त्यांना ते पाठ होते. वाळूचे सोनेरी कण तिच्या पादत्राणात शिरले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, एका पायावर उभी राहून ती ते झटकू लागली, असे काहीसे मी अलंकार घालून लिहिले होते. वकीलसाहेब म्हणाले, "डांबरावर वाळू चपलेत शिरत नाय. हे एक वाक्य कामाचं आहे. बाकीचं सगळं तुम्हाला परत."

इथे मला कबूल केले पाहिजे की त्याआधी एक गोष्ट घडली होती. हवालदारांना आपल्या हातून काय झाले ते कळल्यावर ते बिचारे घरी आले. म्हणाले, "सर, नवा जबाब लिहून द्या, साधा, एका पानाचा. जुना मी बाजूला करतो. कोणाला कळायचं नाय." गुरूवरच्या प्रेमापोटीच बोलले. माझ्या मुलालाही फोनवर हे पटले. मलाही, खोटे कशाला बोलू, पटले होते. मी कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो.

ते चिडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "वर्गात पोराने उत्तरपत्रिका बदलली तर काय करत होतात?"

"वर्गाबाहेर उभं करायचो."

"मग मला तुम्हाला बाहेर उभं करायला लावू नका, पायऱ्या अकराच आहेत." आणि मग गंभीरपणे म्हणाले, "जे लिहिलंत ते तुमच्या सहीने लिहिलंत. कोर्टात विचारलं तर हो म्हणायचं. त्यात थोडी चूक निघाली, थोडं कापलं गेलं, तर कापू दे. कागद बदललेली केस मी चालवत नाय." त्या दिवशी मी तो जबाब बदलला असता तर तिसरे पानही त्याबरोबर गेले असते.

हीच गोष्ट हाताच्या प्रमाणपत्राची. सरकारी दवाखान्यात अपंगत्वाचा दाखला घ्यायला ते आमच्याबरोबर रांगेत उभे राहिले. कुणीतरी ओळखीचे म्हणाले, डॉक्टरांना सांगून आकडा थोडा वाढवून घ्या. वकीलसाहेब म्हणाले, "हात जेवढा मोडलाय तेवढाच मोडलाय. तेवढा पुरे आहे." टेम्पोचा चालक प्रत्येक तारखेला एकटाच कोपऱ्यात उभा असायचा. त्याला ते स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायचे. सुमतीने एकदा त्या चालकाला विचारले, "तुला लागलं नाही ना रे?" तो रडायलाच लागला. म्हणाला, मालकाला ब्रेकचे दोनदा सांगितले होते. पुढे साक्षीत त्याने तेच सांगितले, आणि ते सांगण्याची हिंमत त्याला त्या चहातून आली असे मला अजून वाटते.

माझ्या साक्षीचा दिवस मला विसरायचा आहे, पण हा लेख त्याच्याशिवाय पुरा होणार नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी माझा जबाब मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज सपाट होता. माझे मावळतीचे रंग त्या आवाजात बाजाराच्या यादीसारखे वाटू लागले. मागे कुणीतरी हसले. मान खाली घालून मी ऐकत होतो.

"'आमचे भान हरपले होते.' हे आपणच लिहिलं?"

"हो."

"टेम्पो दिसला नाही?"

"नाही."

"आवाज ऐकू आला नाही?"

"नाही."

"'मीच हाक मारून थांबवले.' हेही खरं?"

"हो. तेही खरं."

ते समाधानाने बसले. मी सोलकर साहेबांकडे पाहिले. ते सावकाश उठले आणि न्यायाधीश महाराजांच्या परवानगीने त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"समुद्राकडे तोंड होतं तेव्हा तुमची पाठ कशाकडे होती?"

"रस्त्याकडे."

"तुमच्याच जबाबाचं तिसरं पान. बाई काय करत होत्या?"

"चपलेतली वाळू झटकत होती," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता ती जागा माझ्या पायांना आठवली. ती भुसभुशीत होती.

पुढच्या तारखेला सुमतीची साक्ष झाली. त्याच वकिलांनी तिला नम्रपणे विचारले, "बाई, पतीने आग्रह केला म्हणून तुम्ही थांबलात. नाही तर तुम्ही चालत राहिला असता. बरोबर?"

माझे सगळे त्या प्रश्नात होते. मी बाकावर पुढे सरकलो.

"चूक," सुमती वर्गात म्हणायची तशी म्हणाली. "त्यांनी हाक मारली असेल. त्यांना सूर्य दिसला की ते हाका मारतातच, मी कुठे लक्ष देते? मी त्याच्या आधीच थांबले होते. चपलेत वाळू गेली होती. आणि सूर्य मलाही बघायचा होता. त्याला यांची परवानगी कशाला लागते?"

न्यायाधीश महाराज हसले. विमा कंपनीचे वकील हसले. सोलकर साहेब मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. नंतर बाहेर आल्यावर म्हणाले, "मास्तर, हे मला पहिल्या महिन्यातच ठाऊक होतं. बाईंनी सांगितलं होतं. पण तुम्ही ते शपथेवर ऐकायला हवं होतं." इतके दिवस मी मनात काय घेऊन फिरत होतो, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. बहुधा ते त्यांनी चौथ्या पानावर वाचले होते.

निकाल आमच्या बाजूने लागला, वाटा काहीही न कापता. भरपाईच्या पैशांतून सुमतीच्या हाताची दुसरी शस्त्रक्रिया झाली. आता त्या हाताने चमचा धरता येतो, टाक धरता येत नाही. निकालपत्राची प्रत देताना वकीलसाहेबांनी एका वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली होती. रस्त्याबाहेर उभे राहून समुद्राकडे पाहणे यास निष्काळजीपणा म्हणता येत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. समासात त्यांनी लिहिले होते: "तिसऱ्या पानाला पैकीच्या पैकी. चौथे रद्द."

मी आयुष्यभर सुंदर वाक्यांच्या मागे धावलो. वकीलसाहेबांनी मला कामाचे वाक्य ओळखायला शिकवले, आणि तेही माझ्याच लिखाणातून काढून दाखवले. एवढ्या सावकाश आणि एवढ्या विश्वासाने दुसऱ्याचे लिहिलेले वाचणारा माणूस मी शिक्षकांच्या खोलीतही पाहिला नाही.

हा लेख मी तोंडी सांगितला. कागदावर उतरवला तो सुमतीने, डाव्या हाताने, दुरेघी वहीत. मी सांगितलेली बरीच विशेषणे तिने लिहिलीच नाहीत. विचारले तर म्हणते, "बशीरभाई वाचणार आहेत." संपादकांनी छापून झाल्यावर ती वही वकीलसाहेबांना द्यावी अशी आमची विनंती आहे. त्यांनी अंगठा नाकारला होता. त्याबदल्यात ही पाने त्यांनी ठेवून घ्यावीत.

वकीलसाहेब आता तारखा कमी घेतात आणि संध्याकाळी कधी कधी आमच्याबरोबर भाट्याला येतात. शेवंतीबाईंच्या बाकड्याला नवा पाय बसला आहे. तिथे पोचलो की ते आधी मागे वळून डांबर कुठे आहे ते बघतात, मग समुद्राकडे तोंड करतात आणि मला म्हणतात, "हां मास्तर, आता म्हणा कविता." त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे अकरा पायऱ्यांना आणि डोळे पंचनाम्यांना कधी कंटाळू नयेत. आणि अजून पुष्कळ वर्षे, रोज सूर्य बुडेपर्यंत, त्यांनी आम्हा दोघांच्या शेजारी उभे राहावे, रस्त्यापासून सात फूट आत.